तलवार म्यानात गेल्यानंतर

१९८४च्या नोव्हेंबरात जपानने नव्या नोटा चलनात आणल्या. दहा हजार येनांच्या नोटेवर फुकुझावा युकिची, पाच हजारांच्या नोटेवर नितोबे इनाझो आणि हजाराच्या नोटेवर नात्सुमे सोसेकी. एक शिक्षणाचा पुरस्कर्ता, एक प्राध्यापक, एक कादंबरीकार. तिघांपैकी रणांगणावर कोणीच लढलेले नाही. तरी या तिघांना ओवणारा एक धागा आहे आणि तो सामुराईच्या नीतीचा आहे. फुकुझावा यांनी सामुराईंच्या सरंजामी व्यवस्थेवर आयुष्यभर कोरडे ओढले आणि उतारवयात तिच्यातल्याच एका गुणाची कड घेतली. नितोबे यांनी ‘बुशिदो’ हा शब्द जगाच्या तोंडी बसवला. सोसेकी यांनी त्या नीतीची अखेरची घरघर एका कादंबरीत टिपली.

यात एक विनोदही दडलेला आहे. पैशाला हात लावणे हलकेपणाचे मानणाऱ्या नीतीची चर्चा करणारी माणसे शेवटी नोटांवर जाऊन बसली. फुकुझावा यांच्या आत्मचरित्रात त्यांच्या वडिलांची एक हकिकत आहे. हे गृहस्थ खालच्या दर्जाचे सामुराई. ओसाकामध्ये आपल्या संस्थानाच्या कोठारावर नेमणूक, रोजचा संबंध व्यापाऱ्यांशी आणि सावकारांशी. थोरल्या मुलांना त्यांनी एका गुरुजींकडे शिकायला धाडले. गुरुजींनी अक्षरांबरोबर पाढेही शिकवायला घेतले. हे कळताच वडील संतापले. सामुराईच्या पोरांना आकडेमोड शिकवतात म्हणजे काय? त्यांनी मुलांना तिथून काढून घेतले. स्वतः दिवसभर हिशेबाच्या वह्यांत बुडालेला माणूस मुलांना पाढे शिकू देत नाही. सामुराईच्या नीतीतली सगळी ओढाताण या एका प्रसंगात सापडते.

‘बुशी’ म्हणजे योद्धा आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. ज्युदोतला ‘दो’ तोच. मराठीत याला ‘क्षात्रधर्म’ म्हणण्याचा मोह होतो, पण त्या शब्दामुळे एखादे जुने, ठरलेले शास्त्र डोळ्यांपुढे उभे राहते. बुशिदोचे तसे नाही. त्याचा एक आचार्य नाही, एक ग्रंथ नाही, सर्वांना मान्य अशी एक संहिता तर नाहीच. आज आपण बुशिदो म्हणून जे वाचतो, त्याचा मोठा भाग १८९० नंतरच्या पन्नासेक वर्षांत मांडला गेला. ती मांडणी करणाऱ्यांनी माल मात्र जुन्या कोठारातून उचलला: कन्फ्यूशियस आणि मेन्शियसची शिकवण, थोडे झेन, थोडा शिंतो आणि घराण्याघराण्यांतले दंडक. कोणी काय उचलले आणि का, ही गोष्ट त्या नीतीइतकीच रंजक आहे. तिची सुरुवात मात्र युद्धात होत नाही. ती युद्ध संपल्यावर होते.

बसून खाणाऱ्याचे काम

१६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि १६३८ मध्ये शिमाबाराचे बंड मोडले. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे जपानात मोठे युद्ध झाले नाही. तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, या शांततेत लोकसंख्येच्या शेकडा सहा-सात असलेला सामुराई वर्ग किल्ल्यांच्या गावांत राहून तांदळाच्या तनख्यावर जगू लागला. तनखा मोजायचा तो कोकूत. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. कमरेला दोन तलवारी आणि हातात टाक अशी या माणसांची अवस्था होती. कोणी पहारे देई, कोणी वसुलीच्या नोंदी ठेवी, कोणी धन्याच्या स्वाऱ्यांची व्यवस्था पाही.

या काळात यामागा सोको (१६२२–१६८५) नावाच्या युद्धशास्त्राच्या पंडिताने एक अडचणीचा प्रश्न विचारला. शेतकरी पिकवतो, कारागीर वस्तू घडवतो, व्यापारी त्या पोचवतो. सामुराई यातले काहीच करत नाही आणि तरी जेवतो. मग त्याचे काम काय? सोकोचे उत्तर असे: इतर तिन्ही वर्गांना पोटामागे धावताना नीतीचा विचार करायला सवड नसते. तो विचार करणे, तो स्वतःच्या वागण्यातून दाखवणे आणि बिघडलेल्याला शासन करणे हे सामुराईचे काम. थोडक्यात, त्याने शस्त्र बाळगायचे ते शीलाचा रखवालदार म्हणून.

या उत्तरामागे एका अक्षराची करामत आहे. चिनी समाजरचनेत चार वर्गांतला पहिला वर्ग ‘शि’ या अक्षराने दाखवत. चीनमध्ये त्याचा अर्थ होता ग्रंथ वाचणारा, परीक्षा देऊन राज्यकारभार करणारा विद्वान. जपानने ती चौकट आणली तेव्हा पहिल्या घरात बसवायला तसा विद्वान वर्ग नव्हता, तिथे योद्धा होता. अक्षर तेच राहिले, माणूस बदलला. त्यामुळे कन्फ्यूशियसने सज्जन विद्वानाला जे जे सांगितले, ते सगळे आता तलवार लावलेल्या माणसाला लागू झाले. न्याय, करुणा, विनय, सचोटी हे गुण सामुराईच्या अंगी आले ते या दारातून.

उसन्या चौकटीत एक फट मात्र राहिली. चिनी परंपरेत राजा चुकत असेल तर मंत्र्याने त्याला तीनदा बजावावे आणि तरी ऐकले नाही तर सोडून जावे, असा संकेत होता. तोकुगावा काळातल्या सामुराईला सोडून जायला जागाच नव्हती. धनी सुटला की तो ‘रोनिन’ होई, म्हणजे बिनधन्याचा, बिनतनख्याचा भटक्या. त्याआधीच्या यादवीच्या शतकात असे नव्हते. तोदो ताकातोरासारख्या सरदाराने अर्ध्या डझनाहून अधिक धनी बदलले आणि शेवटी मोठा संस्थानिक म्हणून डोळे मिटले. ताकेदा घराणे बुडाल्यावर त्यांचे कितीतरी लढवय्ये तोकुगावा इएयासूने बिनदिक्कत आपल्या पदरी घेतले. खाल्ल्या मिठाला जन्मभर आणि मरेपर्यंत जागण्याचा कठोर दंडक आला तो लढाया थांबल्यावर, मीठ एकाच घरी मिळू लागल्यावर.

सत्तेचाळीस जण आणि अर्धा डझन पंडित

या नीतीची सर्वांत गाजलेली परीक्षा १७०१ ते १७०३ या काळात झाली. आको संस्थानचा तरुण प्रमुख असानो नागानोरी याने एदो या शोगुनाच्या राजधानीतल्या किल्ल्यात शोगुनाचा शिष्टाचार-अधिकारी किरा योशिनाका याच्यावर शस्त्र उपसले. किल्ल्यात शस्त्र काढणे हाच गुन्हा. असानोला त्याच दिवशी पोट चिरून मरण्याची, म्हणजे सेप्पुकूची आज्ञा झाली. संस्थान खालसा झाले, सामुराई रोनिन झाले. पावणेदोन वर्षे दबा धरून त्यांच्यापैकी सत्तेचाळीस जणांनी हिवाळ्यातल्या एका रात्री किराचे घर गाठले आणि त्याचे शीर कापून धन्याच्या थडग्यापुढे ठेवले. पुढे सेहेचाळीस जणांना सेप्पुकूची शिक्षा झाली.

नाटकांनी आणि चित्रपटांनी या कथेला एकमुखी जयघोषाचे रूप दिले. त्या वेळच्या पंडितांत मात्र चांगलीच जुंपली होती. मुरो क्यूसोने त्यांना न्यायनिष्ठ पुरुष म्हणून गौरवले. सातो नाओकाताचे म्हणणे उलटे: असानोला मारले शोगुनाच्या कायद्याने, किराने नव्हे, मग सूड कसला? हे तर कायदा मोडणारे गुन्हेगार. ओग्यू सोराईने मधला रस्ता काढला. धन्याबद्दलची निष्ठा ही त्यांची खासगी बाब, ती मान्य करावी. पण राज्याचा कायदा सार्वजनिक आहे, म्हणून मरणदंड द्यावा आणि तो सन्मानाचा द्यावा. दाझाई शुन्दाईने वेगळाच दोष काढला. राग धरायचा तर शिक्षा देणाऱ्या सत्तेवर धरायचा आणि तिथेच लढून मरायचे, असा त्याचा सूर.

म्हणजे ‘सामुराईची परंपरा काय सांगते’ या प्रश्नाला परंपरेच्या ऐन भरातसुद्धा एक उत्तर नव्हते. ‘गि’ म्हणजे न्याय, ‘चू’ म्हणजे स्वामिनिष्ठा आणि ‘हो’ म्हणजे कायदा. या तिघांचे भांडण लागले तर कोणाला वर बसवायचे, यावर विद्वान हमरीतुमरीवर येत होते. पुढच्या काळातल्या भाष्यकारांनी या भांडणातला एकेक आवाज उचलला आणि तीच सगळी परंपरा असल्याचे सांगितले.

असाच एक आवाज सागा संस्थानातल्या यामामोतो त्सुनेतोमोचा. १७०० साली त्याचा धनी वारला. धन्यामागे जीव देण्याची, ‘जुन्शी’ची त्याची इच्छा होती; पण त्या संस्थानात आणि १६६३ पासून शोगुनाच्या राज्यातही जुन्शीला बंदी होती. मग त्याने डोके भादरले आणि तो डोंगरात झोपडी बांधून राहिला. तिथे एका तरुण सामुराईशी झालेल्या त्याच्या गप्पांतून ‘हागाकुरे’ हा ग्रंथ तयार झाला. मरण रोज मनात घोळवावे आणि मेलोच आहोत असे समजून काम करावे, हा त्याचा प्रसिद्ध विचार. आकोच्या रोनिनांवर तो नाराज होता. इतके दिवस वाट पाहिलीत, मधल्या काळात किरा आजाराने मेला असता तर काय केले असते, असा त्याचा सवाल.

पण हा ग्रंथ मुळातून चाळला तर भलतीच माणुसकी भेटते. चारचौघांत जांभई आली तर ती कशी दाबावी, चेहरा उतरलेला दिसू नये म्हणून जवळ थोडी लाली ठेवावी, धन्यापुढे बोलताना काय सांभाळावे, असले दरबारी सल्ले त्यात भरपूर आहेत. सर्वांत मोठी निष्ठा कोणती, तर वरच्या पदापर्यंत चढून धन्याची चूक त्याला पटवणे, असेही त्यात आहे. दरबारी वळणाचा हा माणूस रणात कधी उतरला नाही. त्याचा ग्रंथ दीर्घ काळ सागाबाहेर फारसा कोणाला ठाऊकही नव्हता. छापील रूपात तो आला विसाव्या शतकात, आणि आला तेव्हा जांभईचा सल्ला मागे पडला, मरणाचे वाक्य तेवढे पुढे आले.

सामुराई संपला, बुशिदो सुरू झाला

१८६८ मध्ये सत्ता सम्राट मेइजीच्या नावाने नव्या राज्यकर्त्यांकडे आली. हे राज्यकर्ते स्वतः सामुराईच होते आणि त्यांनीच आपला वर्ग मोडीत काढला. १८७१ मध्ये संस्थाने गेली. १८७२च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या जाहीरनाम्यात सामुराईंची संभावना पिढ्यानपिढ्या बसून खाणारे लोक अशी केलेली आहे. सोकोने दोनशे वर्षांपूर्वी अदबीने विचारलेला प्रश्न आता सरकारने शिवीसारखा वापरला. १८७६ मध्ये तनखे बंद होऊन रोखे हाती पडले आणि तलवार लावण्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी साइगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली सात्सुमाचे सामुराई उठले. त्यांना हरवले ते शेतकऱ्यांच्या पोरांच्या भरती सैन्याने.

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे सामुराईचे नाव काढणे म्हणजे मागासपणा. आणि मग वारे फिरले. १८९०च्या सुमारास इंग्लंड पाहून आलेले राजकारणी ओझाकी युकिओ यांनी लिहिले की इंग्रजांच्या व्यापारातल्या सचोटीमागे त्यांची सभ्य गृहस्थाची कल्पना आहे. आपल्याला तशी नीती बुशिदोत सापडेल. आपल्या परंपरेची आठवण परदेशातल्या आरशात पाहून व्हावी, हा प्रकार आपल्यालाही अनोळखी नाही. फुकुझावा यांनीही त्याच काळात ‘यासेगामान’वर निबंध लिहिला. यासेगामान म्हणजे पोटात काही नसताना ताठ मानेने सोसणे. जपानीत म्हण आहे की सामुराई उपाशी असला तरी दातकोरणे मिरवतो. आपल्याकडच्या मिशीला तूप लावणाऱ्याचा हा भाऊच. फुकुझावा यांना त्या ढोंगात एक राष्ट्रीय गुण दिसला. दुबळ्या देशाला बलाढ्यांपुढे उभे राहायचे तर हिशेब न करणारा हा हट्ट लागतो, असे त्यांना वाटले.

नितोबे इनाझो यांची वाट आणखी वळणाची. १८६२ साली मोरिओकाच्या सामुराई घरात जन्म. सत्तांतराच्या युद्धात त्यांचे संस्थान हरलेल्या बाजूला होते. नवव्या वर्षी ते तोक्योला आले, इंग्रजीतून शिकले, साप्पोरोच्या शेतकी महाविद्यालयात ख्रिस्ती झाले, पुढे क्वेकर पंथात गेले आणि फिलाडेल्फियाच्या मेरी एल्किंटन यांच्याशी विवाहबद्ध झाले. जुन्या सामुराई शिक्षणाशी त्यांचा संबंध बालपणापुरता. बेल्जियमचे विद्वान एमिल द लाव्हले यांनी एकदा त्यांना विचारले होते की तुमच्या शाळांत धर्मशिक्षण नाही, मग मुलांना नीती शिकवता कशी? उत्तर सुचले नाही. ते सुचायला काही वर्षे गेली. अमेरिकेत आजारातून उठताना त्यांनी ते इंग्रजीत लिहून काढले आणि १९००च्या सुमारास फिलाडेल्फियात ‘बुशिदो’ हे पुस्तक निघाले.

हे पुस्तक युरोपीय वाचकाला हाताशी धरून चालते. सामुराईच्या गुणांशेजारी युरोपातले सरदारी शौर्य, बायबल, शेक्सपियर येत राहतात. महत्त्वाचा आहे तो गुणांचा क्रम. पहिला न्याय, मग धैर्य, करुणा, विनय, सचोटी, प्रतिष्ठा. स्वामिनिष्ठा येते सातवी. शिवाय निष्ठा म्हणजे आपला विवेक धन्याच्या पायाशी वाहणे नव्हे, असेही नितोबे बजावतात. मेन्शियसचा न्याय आणि क्वेकरांचा अंतरीचा आवाज यांची ही बेमालूम सरमिसळ होती. १९०४-०५ मध्ये जपानने रशियाला हरवले तेव्हा या चिमुकल्या देशाचे रहस्य शोधणाऱ्यांनी पुस्तकावर उडी घेतली. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रती विकत घेऊन मित्रांना वाटल्या. जपानी भाषांतर निघाले ते १९०८ मध्ये. जपानचा आत्मा सांगणारे पुस्तक जपान्यांनी वाचले ते भाषांतरातून!

नितोबे यांचे पुस्तक तोक्योतल्या पंडितांना मुळीच पटले नाही. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक इनोउए तेत्सुजिरो यांनी १९०१ मध्ये लष्करी विद्यार्थ्यांपुढे बुशिदोवर व्याख्यान दिले आणि पुढे १९०५ मध्ये जुन्या लेखनाची संकलने संपादित केली. त्यांचा आक्षेप असा की बुशिदोला ग्रंथ नाही हे खोटे. यामागा सोको हाच त्याचा आचार्य. आकोला हद्दपार असताना सोको तिथे राहिला होता, तेव्हा सत्तेचाळिसांचे शौर्य हे त्याच्याच शिकवणीचे फळ, असे त्यांनी जोडून दिले. त्यांच्या क्रमवारीत पहिले स्थान निष्ठेला होते आणि निष्ठेचा विषय होता सम्राट. १८८२च्या सैनिकांसाठीच्या राजाज्ञेने आणि १८९०च्या शिक्षणविषयक राजाज्ञेने ही वाट आधीच आखली होती. एकेकाळी सामुराईची निष्ठा त्याच्या जवळच्या, ओळखीच्या धन्यापाशी थांबे. आता शेतकऱ्याच्या पोराने कधी न पाहिलेल्या सम्राटासाठी तीच निष्ठा बाळगायची होती. कौतुकाची गोष्ट म्हणजे बुशिदोचे हे सर्वांत कडवे प्रवक्ते स्वतः सामुराईच्या घरातले नव्हते. त्यांचे वडील वैद्य होते.

त्याच परंपरेतून नेमके उलटे निष्पन्नही निघू शकत होते. नितोबे यांचे साप्पोरोतले सहाध्यायी उचिमुरा कान्झो हे सामुराईपुत्र आणि ख्रिस्ती. १८९१ मध्ये तोक्योच्या एका सरकारी विद्यालयात शिक्षणविषयक राजाज्ञेवरील सम्राटाच्या सहीपुढे वाकायचा प्रसंग आला. उचिमुरांनी पुरेसे वाकून नमन केले नाही. गहजब झाला, नोकरी गेली. पुढे इनोउए यांनी या प्रकरणावरून ख्रिस्ती धर्मालाच देशद्रोही ठरवायला लेखणी उचलली. उचिमुरा मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिले की आपल्या श्रद्धेचे कलम बुशिदोच्या खोडावर बांधलेले आहे. एकाने बुशिदोच्या नावाने वाकायला सांगितले, दुसरा बुशिदोच्या ताठपणानेच वाकला नाही.

जपानचे अभ्यासक बेझिल हॉल चेंबरलेन यांनी १९१२ मध्ये ही सगळी खटपट ‘नव्या धर्माचा शोध’ या नावाखाली निकालात काढली. १९०० पूर्वीच्या कोणत्याही शब्दकोशात बुशिदो हा शब्दच नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, तरी ते पुरते खरे नव्हते. ताकेदा घराण्याच्या आठवणी सांगणाऱ्या ‘कोयो गुन्कान’ या सतराव्या शतकातल्या ग्रंथात हा शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ बराचसा लढवय्याचा रांगडा दणका असा आहे, सात गुणांची माळ असा नाही. विटा जुन्या होत्या, घर नवे होते.

एका सेनापतीचे मरण

हे नवे घर पुस्तकी नाही, असे जपानला दाखवले ते नोगी मारेसुके यांनी. रशियाविरुद्ध पोर्ट आर्थर जिंकणारे हे सेनापती. त्या युद्धात त्यांचे दोन्ही मुलगे मारले गेले होते. १३ सप्टेंबर १९१२ रोजी, सम्राट मेइजीची अंत्ययात्रा निघाली त्या संध्याकाळी, नोगी आणि त्यांच्या पत्नी शिझुको यांनी आपल्या घरी जीव दिला. १८७७च्या सात्सुमा युद्धात आपल्या पलटणीचे निशाण शत्रूच्या हाती पडले, ती लाज पस्तीस वर्षे उराशी बाळगल्याचे नोगींनी पत्रात लिहून ठेवले होते. ज्या जुन्शीला शोगुनांनी अडीचशे वर्षांपूर्वी बंदी घातली, ती विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य गणवेशातल्या सेनापतीने पाळली.

मरणाच्या काही दिवस आधी नोगींनी अकरा वर्षांच्या युवराज हिरोहितोला एक ग्रंथ भेट दिला. तो होता यामागा सोकोचा ‘चूचो जिजित्सु’. चीनपेक्षा जपानच खरा मध्यवर्ती देश, असा त्याचा आशय. सोकोच्या युद्धशास्त्राची परंपरा वारशाने योशिदा शोइन या क्रांतिकारक शिक्षकाकडे आली होती आणि नोगी शोइनच्या काकांच्या हाताखाली शिकले होते. म्हणजे रिकाम्या हातांच्या सामुराईला काम शोधून देणाऱ्या पंडितापासून निघालेली वाट गुरुशिष्यांच्या हातांवरून युवराजापर्यंत पोचली.

नोगींच्या मरणाने देश हादरला आणि दुभंगलाही. मोरी ओगाई या डॉक्टर-लेखकाने चार-पाच दिवसांत जुन्शीवर कथा लिहिली आणि पुढच्या वर्षी ‘आबे इचिझोकू’ या कथेत त्याच प्रथेची दुसरी, भेसूर बाजू दाखवली. तीत परवानगीवाचून जीव देणाऱ्या सामुराईचे अख्खे घराणे नष्ट होते. सोसेकी यांनी १९१४ मध्ये ‘कोकोरो’ लिहिली. तिच्यातला ‘सेन्सेई’ एका मित्राच्या विश्वासघाताचे ओझे वर्षानुवर्षे वाहतो. नोगींची बातमी वाचून तोही मरायचे ठरवतो, पण कोणत्या धन्यामागे? मेइजी युगाच्या आत्म्यामागे, असे तो सांगतो. नोगींचे मरण आपल्याला नीट समजत नाही, हेही तो कबूल करतो. नीती हातातून निसटली आहे आणि तिचा ओरखडा मात्र शिल्लक आहे, अशा माणसाचे हे चित्र आहे. बुशिदोवर लिहिल्या गेलेल्या साऱ्या भाष्यांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटते.

पुढचा उतार थोडक्यात सांगता येतो. जानेवारी १९४१ मध्ये ‘सेन्जिन्कुन’ नावाची सैनिकांची आचारसंहिता निघाली आणि तिने कैदी होऊन जगण्याची लाज मरणापेक्षा वाईट ठरवली. धनी बदलून मोठा झालेला तोदो ताकातोरा या संहितेत बसला नसता, आणि ताकेदांचे शरण आलेले लढवय्येही नाहीत. ‘हागाकुरे’च्या स्वस्त आवृत्त्या तरुणांच्या हाती आल्या. स्वतः नितोबे यांनी १९३२ मध्ये मात्सुयामा इथे खासगीत म्हटले होते की देशाचा घात कम्युनिस्ट करतील किंवा लष्करी टोळकी, आणि अधिक धोका त्या टोळक्यांचा आहे. बातमी फुटली, त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. पुढच्या वर्षी ते कॅनडात वारले.

रिकामे चिलखत

१९४५ नंतर अमेरिकी अंमलात सत्तेचाळीस रोनिनांचे नाटकही काही काळ रंगमंचावरून उतरवले गेले. पण प्रश्न गेला नाही. कोबायाशी मासाकी यांनी १९६२ मध्ये ‘सेप्पुकू’ हा चित्रपट काढला. सुरुवातीला पडद्यावर एका मातब्बर घराण्याचे रुबाबदार चिलखत दिसते. त्या घराण्याच्या दारी आलेल्या एका भुकेल्या रोनिनाला, तलवारी विकून बांबूच्या पात्यावर आलेल्या पोराला, नीतीच्या नावाखाली त्याच बांबूने पोट चिरायला लावतात. शेवटी सारे प्रेतांचे सडे धुऊन काढून ते चिलखत पुन्हा जागेवर बसवले जाते. आत माणूस नाही.

मिशिमा युकिओ या लेखकाला त्या चिलखतात शिरायचे होते. १९६७ मध्ये त्यांनी ‘हागाकुरे’वर पुस्तक लिहिले आणि मरणाच्या विचाराला स्वातंत्र्याचा, उत्कटतेचा झरा ठरवले. २५ नोव्हेंबर १९७० रोजी तोक्योतल्या इचिगाया तळावर सज्ज्यात उभे राहून त्यांनी सैनिकांना सांगितले की युद्ध निषिद्ध मानणाऱ्या राज्यघटनेखाली तुम्ही सैनिकच नाही. खालच्या जवानांनी त्यांची टर उडवली. मिशिमांनी आत जाऊन सेप्पुकू केले. लढाईच नसेल तर योद्ध्याचे काम काय, हा सोकोचाच प्रश्न होता. सोकोने त्याचे उत्तर शील असे दिले होते, मिशिमांनी मरण असे दिले.

तिसरे उत्तरही होते आणि जपान बहुतांशी त्याच्यावर चालला. शिबुसावा एइइची हा सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा, पुढे शोगुनाच्या पदरी सामुराई झाला, मग बँका, कापड गिरण्या, कागद कारखाने अशा सुमारे पाचशे उद्योगांच्या उभारणीत त्याचा हात लागला. १९१६ मध्ये त्याचे ‘रोन्गो तो सोरोबान’ हे पुस्तक आले. शब्दशः अर्थ, कन्फ्यूशियसची वचने आणि मणिचौकट. सामुराईचे मन आणि व्यापाऱ्याची बुद्धी एकत्र नांदली पाहिजे, नुसत्या मनावर राहाल तर कफल्लक होऊन बुडाल, असे त्याचे सांगणे. युद्धोत्तर काळात दिवसरात्र राबणाऱ्या नोकरदाराला जपानी लोक ‘कंपनीचा योद्धा’ म्हणू लागले, तेव्हा धन्याच्या जागी कंपनी आणि तांदळाच्या जागी पगार आला होता. तो जन्मभराच्या नोकरीचा करारही १९९० नंतर डळमळला आणि २००५ मध्ये गणितज्ञ फुजिवारा मासाहिको यांचे बुशिदोकडे परत चला म्हणणारे ‘कोक्का नो हिन्काकु’ हे पुस्तक वीस लाखांहून अधिक खपले. फुजिवारा यांनी भर दिला तो दुबळ्यावरच्या करुणेवर. बाजारात हरलेल्यांच्या त्या काळाला हाच गुण हवा होता.

सोकोपासून फुजिवारांपर्यंत ओळीने पाहिले की एक खूण सापडते. बुशिदो लिहायला घेतला तो ज्याच्या हातचे काम गेले त्याने, किंवा त्याला नवे काम लावू पाहणाऱ्याने. कोणी त्याची थोरवी गाऊ लागला तर दोन गोष्टी तपासाव्यात. गुणांच्या यादीत पहिला कोणता ठेवला, आणि सातवा कोणता. नितोबेंचा न्याय आणि इनोउएंची निष्ठा यांच्यात एका क्रमाचे अंतर होते, पण त्या क्रमाने किती माणसे मेली किंवा जगली याला गणती नाही.

जुलै २०२४ मध्ये जपानने पुन्हा नोटा बदलल्या. दहा हजार येनांच्या नोटेवरून फुकुझावा उतरले आणि त्यांच्या जागी शिबुसावा आले. पाढे शिकवतात म्हणून पोरांना शाळेतून काढणाऱ्या कारकुनाचा मुलगा गेला आणि कन्फ्यूशियसच्या शेजारी मणिचौकट मांडणारा शेतकरी आला. ओसाकाच्या कोठारावर बसलेल्या त्या बापाला हा बदल आवडला नसता. रोजच्या वह्या मात्र तोही चोख लिहीत होता.